विश्लेषण : बडी हॉली ते मारीलिया मेंदोन्सा... इतके गायक-वादक विमान अपघातांत का गेले? भीती विमानाची बाळगायची की घाईची?

अहमदाबादमध्ये १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६० जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून विमानात पट्टा बांधताना अनेकांच्या मनात धाकधूक असते. अशा वेळी संगीतप्रेमींना आठवते ती विमान अपघातांत गेलेल्या कलावंतांची यादी. बडी हॉली, पॅट्सी क्लाइन, जिम रीव्ह्ज, ओटिस रेडिंग, ‘लिनर्ड स्किनर्ड’चे सदस्य, जॉन डेन्व्हर, अमेरिकी गायिका आलिया, ब्राझीलची मारीलिया मेंदोन्सा... यादी इतकी लांब की विमानाचे आणि गाणाऱ्यांचे काही वैर असावे असेच वाटते. पण या अपघातांच्या चौकशीत काय निष्पन्न झाले हे पाहिले, तर संशयाची सुई विमानावरून दुसरीकडे वळते.

३ फेब्रुवारी १९५९ रोजी काय घडले?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील क्लिअर लेक या गावी आदल्या रात्री ‘विंटर डान्स पार्टी’ या दौऱ्याचा कार्यक्रम होता. २४ दिवसांत २४ गावे, ऐन हिवाळ्यात, बसने, असा हा दौरा. गावांचा क्रमही असा लावलेला की आज इकडे तर उद्या शेकडो किलोमीटर तिकडे. बसमधील हीटर वारंवार बंद पडत होते. एका ड्रमवादकाच्या पायांना हिमदंश होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. पुढचा कार्यक्रम मिनेसोटा राज्यातील मूरहेडला होता. पुन्हा रात्रभर त्या थंडगार बसमध्ये बसण्यापेक्षा छोटे विमान भाड्याने घेऊ, पुढे जाऊन थोडी झोप काढू आणि कपडेही धुऊन घेऊ, असे बडी हॉलीने ठरवले. त्याचे वय होते २२.

चार आसनांचे, एका इंजिनाचे ‘बीचक्राफ्ट बोनान्झा’ विमान मिळाले. वैमानिक सोडून तीन जागा. वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसनला (‘द बिग बॉपर’) दिली. दुसऱ्या जागेसाठी छापा-काटा झाला आणि तो १७ वर्षांच्या रिची व्हॅलेन्सने जिंकला. मध्यरात्रीनंतर उडालेले विमान काही मिनिटांतच विमानतळापासून जेमतेम दहा किलोमीटरवरील शेतात कोसळले. चौघेही जागीच गेले. पुढे १९७१ मध्ये डॉन मॅक्लीनने ‘अमेरिकन पाय’ हे गीत रचले आणि हा दिवस ‘संगीत मेले तो दिवस’ म्हणून अमेरिकी लोकस्मृतीत कायमचा नोंदवला गेला.

चौकशीत मात्र नियतीचा कोणताही खेळ आढळला नाही. वैमानिक २१ वर्षांचा होता. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता त्याच्याकडे नव्हती. हवामान बिघडत असल्याचे दोन इशारे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. अंधारी रात्र, बर्फ, खाली वस्तीचे दिवेही नाहीत. अशा वेळी डोळ्यांनी विमान चालवता येत नाही, उपकरणांवरच विसंबावे लागते. त्यातही या विमानातील क्षितिजदर्शक उपकरण त्याने शिकताना वापरलेल्या उपकरणापेक्षा वेगळ्या पद्धतीचे होते.

क्षितिज दिसले नाही तर नेमके काय होते?

आपला तोल सांभाळण्यात कानाच्या आतील एका नाजूक यंत्रणेचा मोठा वाटा असतो. जमिनीवर तिला डोळ्यांची आणि पायांखालच्या भुईची साथ असते. ढगात किंवा काळोखात ही साथ सुटते. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेले तर कानाला ते कळतच नाही. शरीर छातीठोकपणे सांगते की आपण सरळ जात आहोत. अशा वेळी उपकरण खरे सांगत असते आणि शरीर खोटे. यालाच दिशाभ्रम म्हणतात. प्रशिक्षित वैमानिक शरीराचे ऐकणे सोडून देतो. प्रशिक्षण नसलेला शरीराचे ऐकतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते.

मुंबईकरांना याचे एक दुःखद उदाहरण ठाऊक आहे. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. तिथे वैमानिक अनुभवी होता, पण त्याच्या समोरचे क्षितिजदर्शक उपकरणच बिघडले होते आणि बाहेर काळोखा समुद्र होता. म्हणजे विमान मोठे असले तरी काळोख आणि चुकीचा अंदाज यांच्यापुढे तेही सुटत नाही. फरक हा की मोठ्या विमान कंपन्यांत अशा प्रत्येक अपघातानंतर नियम, प्रशिक्षण आणि यंत्रे बदलत गेली. भाड्याच्या छोट्या विमानांच्या जगात तीच कथा पुन्हा पुन्हा घडत राहिली.

तीच कथा पुन्हा कशी घडली?

मार्च १९६३. कंट्री संगीताची लाडकी गायिका पॅट्सी क्लाइन एका मदतनिधीच्या कार्यक्रमाहून कॅन्सस सिटीहून नॅशव्हिलला परतत होती. मोटारीने सोबत चल, असे गायिका डॉटी वेस्टने सुचवले होते. पण घरी लवकर पोहोचायचे होते. विमान तिचा व्यवस्थापकच चालवत होता आणि त्याच्याकडेही उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. वाटेत एका छोट्या धावपट्टीवर थांबले असता, हवा वाईट आहे, रात्री इथेच राहा, असा सल्ला तिथल्या व्यवस्थापकाने दिला. तो मानला गेला नाही. घर अगदी जवळ आले असताना, टेनेसीतील कॅम्डेनजवळ विमान जंगलात कोसळले.

पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९६४ रोजी जिम रीव्ह्ज गेला. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत आजही नाताळात ज्याचा मखमली आवाज लागतो तोच हा गायक. तो स्वतःच विमान चालवत होता आणि नॅशव्हिलजवळ वादळी पावसात सापडला. १९९० मध्ये गिटारवादक स्टीव्ही रे वॉन विस्कॉन्सिनमधील मैफल संपवून मध्यरात्रीनंतर हेलिकॉप्टरने निघाला. धुके होते. हेलिकॉप्टर शेजारच्याच टेकडीवर आदळले. २०२१ मध्ये ब्राझीलची २६ वर्षांची मारीलिया मेंदोन्सा कार्यक्रमाच्या गावी उतरता उतरता वीजवाहक तारेला धडकलेल्या छोट्या विमानात गेली.

गावे वेगळी, संगीत वेगळे. पण बहुतेक वेळा छोटे विमान, खासगी व्यवस्था, उद्याचा कार्यक्रम किंवा घराची ओढ यांचा मेळ सारखाच आहे. तांत्रिक बिघाड क्वचितच मुख्य कारण ठरतो. ‘थांबू या का?’ हा प्रश्न मात्र जवळपास दर वेळी विचारता आला असता.

‘नाही’ म्हणणारे कोणी नव्हते का?

या अपघातांचे खरे मर्म इथेच आहे, असे वाटते. नियमित विमानसेवेत तिकीट घेतलेला प्रवासी कितीही मोठा असो, तो वैमानिकाला ‘चला, उशीर होतोय’ असे सांगू शकत नाही. वैमानिक दोन असतात, त्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, हवामान पाहणारी आणि वजन मोजणारी माणसे वेगळी असतात. त्यातले कोणीही उड्डाण थांबवू शकते. भाड्याच्या छोट्या विमानात हे सारे एकाच माणसाच्या डोक्यावर येते आणि त्याचे पैसे देणारा माणूस त्याच्या मागच्याच आसनावर बसलेला असतो.

‘लिनर्ड स्किनर्ड’ या रॉक बँडचे उदाहरण घ्या. १९७७ मध्ये त्यांनी दौऱ्यासाठी ‘कॉन्व्हेअर’ जातीचे सुमारे ३० वर्षे जुने विमान घेतले. ‘एरोस्मिथ’ या दुसऱ्या बँडच्या माणसांनी तेच विमान पाहून नाकारले होते. अपघाताच्या दोनच दिवस आधी त्याच्या उजव्या इंजिनातून ज्वाळा निघाल्या होत्या. गायिका कॅसी गेन्स त्या विमानात बसायला घाबरत होती, हे तिच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितले. पुढच्या गावी पोहोचलो की विमान बदलू, असे ठरले. २० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपीच्या जंगलात ते कोसळले. कारण काय, तर इंधन संपले. इंधनावर वैमानिकांनी नीट लक्ष ठेवले नव्हते. मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट, कॅसी आणि तिचा भाऊ स्टीव्ह यांच्यासह सहा जण गेले. वीस जण वाचले.

ऑगस्ट २००१ मध्ये २२ वर्षांची आलिया बहामाज बेटांवर गाण्याचे चित्रीकरण आटोपून निघाली. ठरल्यापेक्षा आधीच परत जायचे होते. विमान छोटे, माणसे आणि सामान जास्त. उड्डाणानंतर लगेच ते कोसळले आणि नऊही जण गेले. चौकशीत आढळले की विमानावर मर्यादेपेक्षा जास्त भार होता, वैमानिकाला ते विमान चालवण्याची मान्यता नव्हती आणि त्याच्या शरीरात दारू व कोकेनचा अंश होता. वजनकाटा आणि कागदपत्रे तपासायला दहा मिनिटे पुरली असती. पण तपासायचे कोणी, हेच ठरलेले नव्हते.

मग मोठे विमान सुरक्षित, असे म्हणायचे का?

पूर्ण सुरक्षित काहीच नसते. जपानचा लोकप्रिय गायक क्यू साकामोतो, ज्याचे ‘सुकियाकी’ गीत १९६३ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तो नियमित सेवेच्या जम्बो विमानातच गेला. १२ ऑगस्ट १९८५ च्या त्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात ५२० जणांचा मृत्यू झाला. सात वर्षांपूर्वी केलेली सदोष दुरुस्ती त्याला कारणीभूत ठरली. २०१६ च्या नाताळच्या दिवशी रशियाच्या सोचीजवळ काळ्या समुद्रात लष्करी विमान कोसळले तेव्हा ९२ पैकी ६४ जण प्रसिद्ध अलेक्झांड्रोव्ह समूहाचे होते. ही उदाहरणे लपवून विमानप्रवासाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तरीही प्रमाण पाहायला हवे. २०२३ या वर्षात जगभरात सुमारे ३ कोटी ७० लाख व्यावसायिक उड्डाणे झाली. त्या वर्षी प्रवासी जेट विमानाचा एकही जीवघेणा अपघात झाला नाही. त्याआधीच्या वर्षी, २०२२ मध्ये, एकट्या भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. अहमदाबादच्या अपघातात जेवढी माणसे गेली, तेवढी आपण रस्त्यांवर एका दिवसाच्या आत गमावतो. त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

मग आपल्याला रस्त्याची भीती का वाटत नाही?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट किती सहज आठवते, यावरून ती किती वेळा घडते याचा अंदाज मन बांधते. विमान अपघात दुर्मीळ असतो, म्हणून त्याची मोठी बातमी होते. मोठी बातमी होते, म्हणून तो लक्षात राहतो. लक्षात राहतो, म्हणून नेहमीचा वाटतो. त्यात गायक असेल तर त्याचा आवाज रोज कानावर पडत असतो. त्याचे जाणे घरातले वाटते. दुसरे कारण नियंत्रणाचे. स्टिअरिंग आपल्या हातात असले की आपण सुरक्षित आहोत असे वाटते, मग डोळ्यांवर कितीही झोप का असेना. २००१ च्या न्यू यॉर्क हल्ल्यानंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून मोटार धरली. त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जर्मन संशोधक गेर्ड गिगेरेन्झर यांनी मांडला आहे.

संगीताच्या इतिहासातही असेच घडले आहे. बडी हॉलीचा मित्र, गायक एडी कॉक्रन त्याच्या मृत्यूने हादरून गेला होता; आपणही लवकर जाणार अशी धास्ती त्याने घेतली होती, असे त्याच्या जवळच्यांनी सांगितले आहे. एप्रिल १९६० मध्ये तो गेला, इंग्लंडमध्ये, भरधाव टॅक्सीत. वय २१. ब्रिटिश गायक मार्क बोलन अकाली मृत्यूच्या भीतीने मोटार चालवायला कधी शिकलाच नाही. १९७७ मध्ये दुसऱ्याने चालवलेल्या मोटारीत, तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना त्याचा अंत झाला.

आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ १९७४ मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात गेले. संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. रंगभूमीवरील भक्ती बर्वे २००१ मध्ये आणि आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे २०१२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले. नाटक, ऑर्केस्ट्रा, तमाशा यांचे दौरे म्हणजे आपल्या ‘विंटर डान्स पार्ट्या’च. प्रयोग संपला, सामान चढवले, रात्रीच निघाले. उद्या दुपारी दुसऱ्या गावी प्रयोग. चालक किती तास जागा आहे, हे कोण विचारतो? कलावंतच कशाला, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाला निघालेली जीप, गणपतीसाठी कोकणात जाणारी गाडी, यांचीही गोष्ट वेगळी नाही. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडचे आहे.

भीतीचे करायचे तरी काय?

दोन टोकाचे उपाय सांगितले जातात. एक, भीती वाटते ना, मग सोडून द्या. थोर गायिका अरेथा फ्रँकलिनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका छोट्या विमानातील हादऱ्यांच्या अनुभवानंतर विमानप्रवास सोडला आणि उर्वरित आयुष्य ती बसने फिरली. समुद्रापलीकडच्या रसिकांना ती मुकली आणि ते तिला. दुसरे टोक, भीती हा मूर्खपणा आहे, आकडे बघा आणि गप्प बसा. हेही बरोबर नाही. कारण या यादीतील काही जणांची भीती अगदी खरे सांगत होती.

रिची व्हॅलेन्सला विमानाची भीती वाटे. १९५७ मध्ये त्याच्या शाळेवर आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि त्यांचे अवशेष मैदानावर कोसळून मुले दगावली. तो आजोबांच्या अंत्यविधीला गेल्यामुळे त्या दिवशी शाळेत नव्हता. कॅसी गेन्सची भीती तर डोळ्यांदेखत पेटलेल्या इंजिनातून आलेली होती. दोघांचीही भीती वेळापत्रकापुढे हरली. ‘सगळे जाताहेत, मी एकटीच कशी मागे राहू’ हा संकोच किती जिवांना भोवला असेल, याची मोजदाद नाही.

ड्रमवादक ट्रॅव्हिस बार्करची वाट या दोन टोकांच्या मधली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये साउथ कॅरोलिनात त्याचे जेट धावपट्टीवरून उडताना टायर फुटून जळाले. चौघे गेले, तो आणि एक सहकारी वाचले. शरीराचा सुमारे ६५ टक्के भाग भाजला होता. हवा कमी असलेले टायर हे अपघाताचे कारण निघाले. तेही कोणी आधी तपासले असते तर दिसले असते. पुढची जवळपास १३ वर्षे तो विमानात बसला नाही. बस आणि बोटीने फिरला. ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या माणसाचा हात धरून, त्याने पुन्हा उड्डाण केले. त्याच्या भीतीला कोणी हसले नाही आणि त्यानेही तिला कायमचे घर दिले नाही.

भीतीला कामाला लावणे, हा यातला शहाणपणाचा मार्ग दिसतो. नुसती ‘मला भीती वाटते’ म्हणून ती सांगितली तर लोक धीर देतात आणि विषय संपतो. तिचे प्रश्न केले तर तिची दखल घ्यावी लागते. चालक कधीपासून जागा आहे? गाडीत किती माणसे बसणार? घाटात धुके असेल तर कुठे थांबायचे? आयोजकांनी मुक्कामाची सोय केली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘आज नको’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे? हा अधिकार आधीच एखाद्याकडे सोपवला, तर ऐन वेळी संकोच आड येत नाही.

आणि मृत्यूची भीती?

ती आकड्यांनी जात नाही आणि जावी असेही नाही. तरुण कलावंताच्या मृत्यूने आपण अस्वस्थ होतो ते काम अर्धे राहील या धास्तीने. ओटिस रेडिंगने डिसेंबर १९६७ मध्ये ‘डॉक ऑफ द बे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि काही दिवसांतच, २६ व्या वर्षी, त्याचे विमान विस्कॉन्सिनमधील गोठलेल्या तळ्यात कोसळले. ते गाणे पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. बडी हॉलीला प्रसिद्धीची जेमतेम दीड वर्षे मिळाली. तेवढ्यात त्याने जे केले त्यातून लिव्हरपूलची चार पोरे शिकली आणि त्यांनी पुढे ‘बीटल्स’ घडवले. आयुष्य किती लांब असेल हे आपल्या हाती नाही, आजचे काम मन लावून करणे आहे, एवढा दिलासा यातून जरूर घ्यावा. पण त्या कोवळ्या मृत्यूंना सुंदर म्हणण्याचा मोह टाळावा. त्यांच्या आया, बायका, मुले यांच्या वाट्याला गाणी नव्हे, रिकामी घरे आली. वेलन जेनिंग्ज पुढे मोठा गायक झाला, पण निघताना हॉलीशी केलेल्या एका थट्टेचे ओझे वर्षानुवर्षे वाहत राहिला.

आणि ज्या मूरहेडच्या कार्यक्रमासाठी ही सारी धावपळ झाली, तो रद्द झाला नाही. त्याच संध्याकाळी तो पार पडला. गेलेल्यांच्या जागी परिसरातली शाळकरी पोरे रंगमंचावर उभी राहिली. त्यांच्यातला १५ वर्षांचा बॉबी व्ही पुढे नामांकित गायक झाला. दौराही नवी नावे घेऊन आणखी दोन आठवडे चालला. आपल्यावाचून कार्यक्रम अडेल, असे वाटून माणसे रात्रीबेरात्री निघतात. कार्यक्रम अडत नाही. घर अडते. पुढच्या वेळी मध्यरात्री गाडी काढण्याआधी एवढे आठवले, आणि सकाळी निघायचे ठरले, तरी पुष्कळ झाले.